डोळे सरावतात ते नेमके कुठे? आणि कॅमेऱ्याला ते कसं शिकवायचं?

कवडसा

उन्हातून काळोखात शिरलं की काही दिसत नाही, मग हळूहळू डोळे सरावतात. उलट आलं की डोळे दिपतात, पण तिथे काही क्षणांतच भागतं. हा सराव डोळ्याच्या कुठल्या टप्प्यावर होतो आणि यंत्राच्या नजरेसाठी त्यातलं काय उचलता येतं, यासाठी हा धागा.

आधी आकडे. अमावास्येला नुसत्या ताऱ्यांचा उजेड जमिनीवर साधारण ०.००१ लक्स (पडणाऱ्या उजेडाचं एकक) पडतो. पौर्णिमेला ०.१ ते ०.३. दिवे लावलेल्या कामाच्या खोलीत ३०० ते ५००. भर दुपारच्या उन्हात १,००,०००. तळापासून माथ्यापर्यंत दहा कोटी पट.

आता एक नेहमीची अडचण घेऊ. गोदामातून माल नेणारी चालकविरहित गाडी दारातून बाहेर पडते. आत २०० लक्स, बाहेर १,००,०००. फरक ५०० पट, म्हणजे ९ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), म्हणजे ५४ डेसिबल (दर दहापटीला २०). आणि दाराशी हे दोन्ही एकाच फ्रेममध्ये असतात.

सेन्सरच्या (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) पिक्सेलमध्ये प्रकाशाने सुटलेले १०,००० इलेक्ट्रॉन मावतात आणि वाचताना २ इलेक्ट्रॉनचा नॉइज (नकोसा चढउतार) येतो असं धरा. भागाकार ५,०००, म्हणजे ७४ डेसिबल. माहितीपत्रकात हाच आकडा छापलेला असतो. पण तो जिथे सिग्नल नॉइजइतकाच उरतो तिथपर्यंत मोजलेला असतो, आणि तिथे वस्तू ओळखता येत नाही. नॉइजच्या दहापट सिग्नल हवा असेल तर प्रकाशाच्या स्वतःच्या नॉइजमुळे (इलेक्ट्रॉनच्या संख्येचं वर्गमूळ) किमान १०४ इलेक्ट्रॉन लागतात. १०,००० भागिले १०४ म्हणजे ९६ पट, फक्त ४० डेसिबल. दारातलं दृश्य यात बसत नाही.

डोळ्याची बाहुली २ मिमीपासून ८ मिमीपर्यंत मोठी होते. क्षेत्रफळ १६ पट. दहा कोटींपैकी १६ पट बाहुलीने सांभाळले, तर बाकीचं ओझं कोण उचलतं?

अणुरेणू

बाहुलीचं काम पटकन होतं, पण थोडंच होतं, हे बरोबर. वय वाढतं तशी ती अंधारात ८ मिमीपर्यंत उघडतही नाही. उरलेलं जवळजवळ सगळं दृष्टिपटलात (डोळ्याच्या मागच्या पडद्यात) घडतं, तेही तीन वेगवेगळ्या वेगांनी. हे वेग एकात एक मिसळले की गोंधळ होतो, म्हणून सुटे करून लिहितो.

पहिली गोष्ट, पेशींची वाटणी. सुमारे १२ कोटी दंडपेशी अंधारासाठी, सुमारे ६० लाख शंकुपेशी उजेडासाठी. दंडपेशी एका फोटॉनलाही (प्रकाशाच्या एका कणालाही) प्रतिसाद देते. हेख्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी १९४२ मध्ये दाखवलं की दंडपेशींनी अवघे ५ ते १४ फोटॉन शोषले तरी माणसाला झळक दिसते. दिवसाच्या उजेडात दंडपेशी कमाल पातळीला जाऊन बसतात, तिथून कारभार शंकुपेशींचा.

दुसरी गोष्ट, पेशीच्या आतला गुणक. प्रकाश पडला की रंगद्रव्य, मग ट्रान्सड्युसिन, मग फॉस्फोडायएस्टरेज (ही दोन्ही प्रथिनं) अशी साखळी चालते. सीजीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू कमी होतो, त्याच्यावर उघडी राहणारी आयनद्वारं बंद होतात आणि पेशीतलं कॅल्शियम उतरतं. कॅल्शियम उतरलं की सीजीएमपी बनवणारं एन्झाइम जोरात चालतं आणि द्वारं पुन्हा उघडू लागतात. हा ऋण प्रतिपोष (निगेटिव्ह फीडबॅक). सततच्या उजेडात पेशी माथ्याला चिकटत नाही, मधल्या पट्ट्यात परत येते. यातला बराचसा भाग सेकंदाच्या आत होतो.

तिसरी गोष्ट, रंगद्रव्याची भरपाई. प्रकाशाने रेटिनलचा (रंगद्रव्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या रेणूचा) आकार बदलतो. तो पूर्ववत करायला दंडपेशींतलं रेटिनल मागच्या रंगद्रव्य-स्तरात जातं आणि परत येतं. ही वाट लांबची आहे. म्हणून काळोखात शंकुपेशी ५ ते ८ मिनिटांत आपल्या परीने सरावून थांबतात, ७ ते १० मिनिटांच्या सुमारास दंडपेशी त्यांच्या पुढे जातात, आणि पूर्ण सरावायला ३० ते ४० मिनिटं लागतात. दंडपेशी पुढे जातात त्या ठिकाणी आलेखात ठळक कोपरा दिसतो. अ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो, तो रेटिनल त्यापासूनच बनतं म्हणून.

एक गैरसमज मात्र खोडायला हवा. रंगद्रव्य उडून गेल्यामुळे उजेडात संवेदनशीलता घटते असं सर्रास लिहिलं जातं. अगदी थोडं रंगद्रव्य उडालं तरी दिसण्याचा उंबरठा कितीतरी पट वर जातो, तेव्हा "अर्धं संपलं म्हणून अर्धं दिसतं" असा सरळ हिशेब लागत नाही. रेटिनल गमावलेलं ऑप्सिन (रंगद्रव्यातलं प्रथिन) वरची साखळी मंदपणे चालू ठेवतं, आणि पेशीला अंधारातही अंधुक उजेड पडल्यासारखं वाटत राहतं. अंधारात सरावणं म्हणजे मुख्यतः हा खोटा उजेड विझण्याची वाट पाहणं.

तिरीप

उत्तम प्रतिसाद. मग आकाशनिरीक्षक लाल विजेरी वापरतात ते दंडपेशींना लाल दिसत नाही म्हणूनच ना? आणि अंधुक तारा थेट बघितला की नाहीसा होतो, जरा बाजूला बघितलं की दिसतो, ते का?

अणुरेणू

हो. दंडपेशी ५०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत संवेदनशील असतात आणि ६५० च्या पुढे जवळपास आंधळ्या. पण लाल दिवा मंदच हवा, प्रखर लालही त्रास देतो. बाजूला बघण्याचं कारण हे की दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूत दंडपेशी नाहीतच. त्यांची सर्वाधिक दाटी मध्यापासून १५ ते २० अंशांवर आहे.

लुकलुक

कवडसा यांच्या प्रश्नाचं अभियांत्रिकी उत्तर अणुरेणूंच्या दुसऱ्या मुद्द्यात आहे. डोळा सगळा पल्ला एकाच वेळी बघत नाही. तो एक अरुंद खिडकी हवी तिथे सरकवतो, आणि ती सरकवण्याचं काम अगदी पहिल्या पेशीत करतो. कारण पुढची वाट अरुंद आहे. साडेबारा कोटी पेशींची माहिती दृष्टिचेतेच्या (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या) सुमारे दहा लाख तंतूंतून जायची असते. तिथे पोचण्याआधी पार्श्वभूमीचा उजेड वजा झाला नाही तर तंतू भरून जातील.

नाका आणि रश्टन यांनी १९६६ मध्ये माशाच्या दृष्टिपटलावरून दिलेलं सूत्र असं:

प्रतिसाद = कमाल × प्रकाश ÷ (प्रकाश + अर्धबिंदू)

(मूळ सूत्रात घातांकही असतो, इथे तो १ धरला आहे.) अर्धबिंदू म्हणजे ज्या प्रकाशाला अर्धा प्रतिसाद मिळतो तो. सराव म्हणजे हा अर्धबिंदू आजूबाजूच्या उजेडामागे सरकणं. छायाचित्रणात राइनहार्ड टोन मॅपिंग (उजेडाचा मोठा पल्ला पडद्याच्या आवाक्यात बसवणं) म्हणून जे वापरतात त्याचं सर्वांत साधं रूप, प्रकाश ÷ (१ + प्रकाश), हेच सूत्र आहे.

आणि इथेच बहुतेक प्रकल्प घसरतात. टोन मॅपिंग चित्र घेतल्यानंतर चालतं. पिक्सेल आधीच भरून सांडला असेल तर सूत्र कितीही सुंदर असो, गेलेली माहिती परत येत नाही. डोळ्यापासून एकच गोष्ट घ्यायची असेल तर जागा घ्या: सराव अडथळ्याच्या अलीकडे हवा.

साध्या सेन्सरवर अलीकडची जागा म्हणजे एक्स्पोजर (प्रकाश गोळा करण्याचा वेळ) आणि अॅनालॉग गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते). तेव्हा ऑटो-एक्स्पोजरचा फास (मोजा, दुरुस्त करा, पुन्हा मोजा हे चक्र) नीट बांधणं हे पहिलं काम.

मोजणी गॅमा (पडद्यासाठी आकडे वाकवणारी दुरुस्ती) लावण्याआधीच्या कच्च्या, रेषीय आकड्यांवर करा. सरासरी घेऊ नका, लॉगची (लॉगॅरिदमची) सरासरी घ्या, आणि सोबत भरून गेलेल्या पिक्सेलांचं प्रमाण ठेवा. चूक स्टॉपमध्ये मोजा, म्हणजे लक्ष्य (हवी ती पातळी) भागिले मोजणीचा दोनच्या पायावरचा लॉग. लॉगमध्ये काम केलं की २ लक्सला आणि २०,००० लक्सला फास सारखाच वागतो.

मग विलंब. बऱ्याच सेन्सरांत लिहिलेलं एक्स्पोजर दोन फ्रेमनंतर लागू होतं. दोन फ्रेम शिळ्या मोजणीवर दुरुस्ती करताना गुणक (चुकीचा किती हिस्सा दर फ्रेमला दुरुस्त करायचा तो) ०.६२ च्या वर गेला की झोके वाढतच जातात. ०.१५ च्या आत ठेवला तर झोका येत नाही, पण ९ स्टॉपची उडी मिटायला सुमारे १५ फ्रेम जातात. ३० फ्रेमच्या गतीला हा अर्धा सेकंद. २ मीटर प्रतिसेकंद वेगाची गाडी तेवढ्यात १ मीटर पुढे गेलेली असते, तीही जवळपास आंधळी.

यावर इलाज आहे. प्रत्येक फ्रेमसोबत ती ज्या एक्स्पोजर आणि गेनने घेतली ते आकडे येऊ द्या. मोजणीला त्यांनी भागलं की दृश्याचा मूळ उजेड मिळतो. पुढचं एक्स्पोजर थेट त्यावरून ठरवा. दिलेली पण अजून लागू न झालेली आज्ञा दुसऱ्यांदा दिली जात नाही, आणि गुणक १ च्या जवळ ठेवता येतो.

आणखी एक खाच. कित्येक सेन्सरांत गेन एक्स्पोजरच्या एक फ्रेम आधी लागू होतो. दोन्ही एकदम लिहिले तर मधली एक फ्रेम भलतीच उजळ किंवा काळी येते. गेन एक फ्रेम उशिरा लिहा, किंवा सेन्सरमध्ये एकत्र लागू करण्याची सोय असेल तर ती वापरा.

कवडसा

मूळ उजेड काढण्याची युक्ती पटली. पण पिक्सेल भरून गेले असतील तर तो उजेड कसा काढणार? बाहेर पडताना तर सगळी फ्रेमच पांढरी.

लुकलुक

बरोबर पकडलंत. लक्ष्य पिक्सेलच्या कमाल पातळीच्या १८ टक्क्यांवर ठेवलं असेल तर फ्रेम पूर्ण पांढरी झाली तरी मोजलेली चूक फक्त २.५ स्टॉप दिसते, खरी ९ असली तरी. फास समजतो की थोडंसंच चुकलंय. म्हणून उजेडाकडे जाताना वेगळा नियम: एक तृतीयांशाहून जास्त पिक्सेल भरले की मोजणीवर विसंबू नका, एक्स्पोजर थेट सोळाव्या भागावर आणा. पुढच्या मोजणीत आकडा हाती येतो. काळोखाकडे जाताना ही घाई नको, तिथे चूक पूर्ण मोजता येते.

डोळ्यातही हेच असमान वेग आहेत. उजेडाला काही क्षण, काळोखाला अर्धा तास. रस्त्यांवरच्या बोगद्यांच्या प्रकाशयोजनेतही सुरुवातीच्या टप्प्यात दिवसा जास्त उजेड ठेवतात आणि पुढे तो पायरी-पायरीने उतरवतात, कारण आत शिरतानाची बाजू जास्त धोक्याची.

दीर्घदृष्टी

हे सगळं फ्रेमच्या चौकटीतलं झालं. पण एक्स्पोजर सगळ्या चित्राला एकच लागतं आणि दाराशी प्रश्न एकाच फ्रेममधल्या दोन उजेडांचा आहे. डोळ्यात प्रत्येक पेशी, प्रत्येक छोटा भाग स्वतंत्रपणे सरावतो. दृष्टिपटलातल्या आडव्या पेशी (शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या) शेजारच्यांची सरासरी वजा करतात. म्हणून सराव पिक्सेलमध्येच हवा. मिशा माहोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी सिलिकॉनचं दृष्टिपटल बनवलं ते याच विचाराने. त्याच परंपरेतला इव्हेंट कॅमेरा २००८ मध्ये लिख्टश्टायनर, पॉश आणि डेलब्रुक यांनी मांडला: १२८ × १२८ पिक्सेल, १२० डेसिबल पल्ला, १५ मायक्रोसेकंद विलंब. प्रत्येक पिक्सेल आपल्या प्रकाशाचा लॉग घेतो, मागच्या नोंदीपासून ठराविक टक्के बदल झाला तरच "वाढला" किंवा "घटला" अशी खूण पाठवतो. एक्स्पोजर नावाची गोष्टच नाही.

लुकलुक

पल्ल्याबद्दल पूर्ण सहमत. पण साधा लॉग सेन्सर (ज्याचे पिक्सेल प्रकाशाचा नुसता लॉग देतात, तुलना करत नाहीत) का मागे पडला आणि इव्हेंट कॅमेरा का तगला, हे सांगायला हवं, नाहीतर लोक लॉग पिक्सेल घेऊन फसतील.

लॉग पिक्सेलमध्ये प्रकाश दहापट झाला की व्होल्टेज जेमतेम ६० मिलिव्होल्ट बदलतं. त्यात १ टक्का फरक म्हणजे ०.२६ मिलिव्होल्ट. शेजारच्या दोन पिक्सेलांच्या ट्रान्झिस्टरांत १० मिलिव्होल्टची तफावत सहज असते. तेवढ्याने उजेड ४७ टक्के चुकीचा दिसतो. सगळ्या चित्रावर कायमची चाळणी धरल्यासारखं होतं, आणि तापमान बदललं की चाळणीही बदलते. इव्हेंट पिक्सेल स्वतःच्याच आधीच्या व्होल्टेजशी तुलना करतो, त्यामुळे कायमची तफावत आपोआप वजा होते.

त्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. स्थिर दृश्यात काहीच येत नाही. डोळा बारीक थरथरत राहून ही अडचण टाळतो, खांबाला बांधलेल्या कॅमेऱ्याला ती सोय नाही. दुसरं, ५० हर्ट्झच्या विजेवरचे दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात आणि भिंतीचा प्रत्येक पिक्सेल खुणांचा पाऊस पाडतो. उंबरठा वाढवा किंवा १०० हर्ट्झ गाळणारी चाळणी लावा. तिसरं, १५ मायक्रोसेकंद हा भरपूर उजेडातला आकडा आहे. लॉग परिपथाचा वेग पिक्सेलमध्ये प्रकाशाने निर्माण होणाऱ्या विद्युतधारेच्या प्रमाणात बदलतो, मंद प्रकाशात विलंब मिलिसेकंदांत जातो आणि खोट्या खुणाही वाढतात. डोळाही अंधारात मंदावतो: दंडपेशी सुमारे ०.१ सेकंदाचा प्रकाश एकत्र धरतात.

मिणमिण

फ्रेमच हव्या असतील तर पिक्सेलमध्ये दोन डायोड (प्रकाश टिपणारे भाग) ठेवण्याचा मार्ग आहे, एक मोठा आणि एक लहान. थोडीफार दंडपेशी-शंकुपेशींसारखीच वाटणी. एकामागून एक कमी-जास्त एक्स्पोजर घेऊन जोडण्यापेक्षा हे बरं, कारण त्या पद्धतीत हलणाऱ्या वस्तूची भुतं उमटतात.

याचा खरा उपयोग एलईडी सिग्नलांना. समजा एलईडी १०० हर्ट्झने चालू-बंद होतो आणि दहातला एकच भाग पेटलेला असतो: १ मिलिसेकंद चालू, ९ बंद. उन्हात एक्स्पोजर ०.५ मिलिसेकंद असेल तर बहुतेक फ्रेममध्ये लाल दिवा विझलेलाच दिसणार. चुकवायचा नसेल तर किमान १० मिलिसेकंद उघडं ठेवावं लागतं, आणि उन्हात तेवढा वेळ न भरता टिकेल असा पिक्सेल कमी संवेदनशीलच हवा, म्हणजे लहान डायोड. माणसाला हा दिवा सतत पेटलेला दिसतो, कारण आपल्या शंकुपेशी इतकं जलद मिणमिणणं सरासरीत काढतात. इथे यंत्राने डोळ्याचा वेग नाही, संथपणा घ्यायचा.

गोदामात आत असतानाही हाच पेच आहे. हलणारी वस्तू धूसर होऊ नये म्हणून एक्स्पोजर १ मिलिसेकंद ठेवलं की दिव्यांच्या मिणमिणण्याने रोलिंग शटरवर (जे फ्रेम ओळीओळीने घेतं) पट्टे येतात. ग्लोबल शटर (सगळ्या ओळी एकदम घेणारं) घेतलं तर अख्ख्या फ्रेमचा उजेड वरखाली होतो आणि ऑटो-एक्स्पोजर त्यामागे धावू लागतं. ३० फ्रेमच्या गतीला हा नमुना दर तीन फ्रेमनी परत येतो, म्हणून उजेडाची मोजणी तीन फ्रेमची सरासरी घेऊन करा.

तिरीप

रात्रीचं काय? कॅमेरे रात्री कृष्णधवल होतात, ते दंडपेशींसारखंच?

मिणमिण

परिणाम सारखा, कारण निराळं. दंडपेशींत एकच रंगद्रव्य असल्यामुळे रंगांची तुलना होत नाही. कॅमेऱ्यात अवरक्त किरण अडवणारी काच सेन्सरसमोरून सरकते, रंगांचा मेळ बिघडतो म्हणून रंग टाकून देतात. तिथे एक ठरलेली चूक होते: संध्याकाळी काच सरकते, अवरक्त दिवा लागतो, जवळच्या भिंतीवरून तो परावर्तित होतो, कॅमेऱ्याला वाटतं उजाडलं, काच परत येते, आणि हे चक्र टकटक करत चालू राहतं. रात्रीकडे जाण्याचा आणि दिवसाकडे येण्याचा उंबरठा निदान ३ ते ४ पट दूर ठेवा, १० ते ३० सेकंद थांबून मगच निर्णय घ्या, आणि उजेड मोजायला वेगळा, अवरक्त न दिसणारा प्रकाशसंवेदक लावा.

दंडपेशींची दुसरी युक्ती मात्र जशीच्या तशी घेता येते. अनेक दंडपेशींचा सिग्नल पुढे एकाच पेशीत जमा होतो, म्हणून अंधारात बारकावे जातात पण दिसतं. सेन्सरमध्ये हे म्हणजे २ × २ बिनिंग. वाचण्याआधी प्रभार एकत्र केला तर सिग्नल चौपट आणि वाचनाचा नॉइज एकदाच. वाचल्यानंतर आकडे मिळवले तर तो नॉइज दुप्पट होतो. तुमचा सेन्सर कुठे बेरीज करतो ते आधी तपासा.

दीर्घदृष्टी

एक भर. अलीकडे सरावण्याची क्रिया पदार्थातच घालण्याचे प्रयोग चालू आहेत. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या प्रकाश-ट्रान्झिस्टरमध्ये, किंवा लेड सल्फाइडच्या क्वांटम डॉटमध्ये (अतिसूक्ष्म स्फटिकांत), प्रभार मुद्दाम अडकवून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. २०२५ मध्ये चीनमधल्या फुझोऊ विद्यापीठाच्या गटाने असा संवेदक दाखवला, तो साधारण ४० सेकंदांत सरावतो. डोळ्याच्या अर्ध्या तासापेक्षा पुष्कळ जलद, आणि गणनेचं ओझं कमी.

लुकलुक

दिशा महत्त्वाची आहे. पण दारातून जाणाऱ्या गाडीला ४० सेकंद नाहीत. शिवाय पदार्थ स्वतः सरावला की त्या क्षणी गुणक किती होता हे बाहेर कळत नाही, आणि अडकलेला प्रभार आधीच्या दृश्याची छाप मागे ठेवू शकतो, प्रखर दिव्यानंतर डोळ्यांपुढे डाग राहतो तसा. मोजमापाचं काम असेल तर गुणक माहीत असणं आवश्यक. स्थिर जागी, मिनिटांच्या वेगाने बदलणाऱ्या उजेडासाठी ही कल्पना मला जास्त जवळची वाटते.

कवडसा

मग गाडीसाठी: दोन डायोडचा सेन्सर, फ्रेमसोबत गेनचे आकडे, उजेडाकडे झटपट नियम. चाचणी कशी घ्यावी?

लुकलुक

करड्या पट्ट्यांचा तक्ता लावा, कॅमेऱ्यासमोर २.७ घनतेचा एनडी फिल्टर (उजेड सुमारे ५०० पट कमी करणारी करडी काच) झटकन आत-बाहेर होईल अशी सोय करा. तक्ता उजळायला मिणमिण न होणारा, एकदिश (डीसी) विद्युतधारेवर चालणारा दिवा घ्या. फिल्टर हलल्यापासून मधल्या पट्टीची पातळी अंतिम पातळीच्या ५ टक्क्यांच्या आत येऊन तिथेच राहीपर्यंतच्या फ्रेम मोजा, दोन्ही दिशांना वेगवेगळ्या, निदान वीस वेळा. सरासरी नको, सर्वांत वाईट आकडा धरा. मग तक्त्याच्या अर्ध्या भागावरच फिल्टर ठेवा, म्हणजे दाराचं दृश्य तयार होतं. दोन्ही अर्ध्यांत सगळ्या पट्ट्या सुट्या मोजता आल्या पाहिजेत. काळोख्या अर्ध्यात पट्ट्या एकमेकींत मिसळल्या तर फासाला दोष देण्याआधी भिंगातला विखुरलेला प्रकाश तपासा. उजळ अर्ध्याचा फक्त १ टक्का काळोख्या बाजूला सांडला तरी तो तिथल्या स्वतःच्या उजेडाच्या पाचपट असतो, आणि तो कुठल्याही सेन्सरने निघत नाही.